सरड्याची धाव

उत्साही : पोटाची चिमूट धरून रोज सकाळी तुम्ही जे इंजेक्शन टोचून घेता, त्याचे मूळ एका सरड्याच्या लाळेत आहे. ॲरिझोनाच्या वाळवंटात राहणारा, कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढा लांब, काळे-केशरी मणी ओवावेत तशी कातडी आणि चरबीने फुगलेली शेपूट असलेला हा विषारी सरडा. नाव हिला मॉन्स्टर. इंग्रजीत लिहिताना 'जी' असतो, पण नाव हिला नदीवरून पडले आहे, तेव्हा उच्चार 'हिला' असाच. विषातून अमृत निघाल्याचे याहून सरळ उदाहरण मला तरी माहीत नाही.

शंकेखोर : उदाहरण सरळ असेल, पण माझे नाही. मी घेतो ते लिराग्लुटाइड. त्याचा सरड्याशी संबंध नाही. माझ्याच आतड्यात जीएलपी-1 नावाचे संप्रेरक तयार होते, त्याची जरा दुरुस्त केलेली नक्कल म्हणजे हे औषध. सध्या ज्याचा गाजावाजा चालला आहे ते सेमाग्लुटाइडही माणसाच्याच संप्रेरकावर बेतलेले. सरड्याचे औषध निराळे होते, एक्झेनाटाइड. 'सरड्याच्या विषाने वजन घटले' असे मथळे देणारे लोक या तिघांना एकाच पातेल्यात ढवळतात आणि तुमच्यासारखे जाणते वाचकही ते वाढून घेतात.

उत्साही : घाई झाली, कबूल. पण तुमच्याच संप्रेरकापासून सुरुवात करू. जेवण आतड्यात उतरले की जीएलपी-1 रक्तात येते आणि स्वादुपिंडाला सांगते, साखर चढते आहे, इन्शुलिन सोड. साखर चढलेली नसेल तर गप्प बसते, म्हणून शुगर एकदम लो होण्याची भीती कमी. शिवाय पोट हळू रिकामे करते, भूक आवरते. स्वेतलाना मोयसोव आणि जोएल हॅबनर यांनी 1987 साली उंदराच्या स्वादुपिंडावर याचा इन्शुलिनवरचा परिणाम दाखवला. मधुमेहावर याहून गुणी रेणू कुठला मागायचा? एकच अवगुण. रक्तात शिरल्यावर दोन मिनिटांत निम्मे संपते. डीपीपी-4 नावाचे एन्झाइम त्याच्या अमिनो आम्लांच्या साखळीतल्या दुसऱ्या मण्यापाशी कात्री लावते. दोन मिनिटांचे औषध कोण कुणाला देणार?

आता न्यूयॉर्कला या. ब्रॉन्क्समधले माजी सैनिकांचे रुग्णालय. रक्तातले इन्शुलिन मोजायची रीत ज्यांनी बर्सन यांच्यासह बसवली, त्या रोझलिन यॅलो इथल्याच, 1977 च्या नोबेलवाल्या. त्यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेले जॉन इंग संप्रेरके हुडकत होते. ग्लुकागॉन, सिक्रेटिन, जीएलपी-1 ही सगळी एका घराण्यातली, आणि या घराण्याची खूण म्हणजे साखळीतले पहिले अमिनो आम्ल हिस्टिडिन. इंग यांनी ही खूण ओळखणारी रासायनिक चाचणी बसवली. तोवर ज्याँ-पियेर रॉफमन या डॉक्टरांना दिसले होते की हिला मॉन्स्टरचे विष स्वादुपिंडाच्या पेशींना चाळवते. इंग यांनी विष मागवले, चाचणी लावली, आणि 1992 साली 39 अमिनो आम्लांची साखळी जगापुढे ठेवली, एक्झेंडिन-4. तुमच्या जीएलपी-1 शी निम्म्याहून थोडी अधिक जुळणारी. फरक होता तो नेमका मोक्याच्या जागी. दुसऱ्या मण्यावर ॲलॅनिनऐवजी ग्लायसिन. कात्री तिथे चालत नाही. दोन मिनिटांचे आयुष्य तासांवर गेले. तीच साखळी कृत्रिम रीतीने बनवून एप्रिल 2005 मध्ये अमेरिकेत औषध म्हणून आली. आता सांगा, हे सरड्याचे देणे नाही?

शंकेखोर : देणे असेल, पण किती आणि कुठवर ते तपासू. डेन्मार्कमध्ये लोटे बिएरे नुडसेन आणि त्यांचे सहकारी लिराग्लुटाइडवर काम करत होते ते सरड्याचे औषध बाजारात येण्याच्या कितीतरी आधीपासून. त्यांची युक्ती साफ निराळी. त्यांनी माणसाच्याच जीएलपी-1 ला मेदाम्लाची शेपटी जोडली. शेपटी रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटते, रेणू त्याच्या खांद्यावर बसून फिरतो आणि कात्रीच्या हाती सहज लागत नाही. तिसरी वाट आणखी सोपी. कात्रीच बोथट करायची. 2006 साली आलेली सिटाग्लिप्टिनची गोळी तेच करते. आपल्याकडच्या कुठल्याही औषधाच्या दुकानात 'ग्लिप्टिन' म्हणून ही गोळ्यांची भावकी मिळते. त्यांना ना सरडा लागला ना सुई.

पुढचे ऐका. सरड्याची साखळी शेवटी परकी. अनेक रुग्णांच्या शरीराने तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली. हृदयविकाराच्या कसोटीवर लिराग्लुटाइड 2016 साली स्पष्ट उतरले. एक्झेनाटाइडची चौदा हजारांहून अधिक रुग्णांवरची चाचणी 2017 मध्ये जाहीर झाली, निकाल एवढाच की औषध हृदयाला घातक नाही. फायदा ठामपणे सिद्ध झाला नाही. आज ते औषध डॉक्टरांच्या लेखणीतून जवळजवळ उतरले आहे. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, ती खरी ठरली.

उत्साही : कुंपण होते कुठे, ते तरी बघा! 2005 च्या आधी हा सगळा प्रांत कागदावरचा होता. आतड्यातल्या संप्रेरकाची नक्कल रुग्णाने महिनोन्‌महिने टोचून घ्यावी, साखर उतरावी, वजन वाढण्याऐवजी घटावे, आणि औषधांवर नजर ठेवणाऱ्या खात्याने त्यावर शिक्का मारावा, हे पहिल्यांदा सरड्याच्या रेणूने करून दाखवले. लिराग्लुटाइडला युरोपात परवानगी 2009 ची, अमेरिकेत 2010 ची. वाट नुडसेनबाई स्वतः काढत होत्या हे खरे. पण पलीकडे गाव आहे, हे सरडा आधी जाऊन बघून आला होता.

आणि विषच का, याला कारण आहे. विष हे दुसऱ्याच्या शरीरात जाऊन काम करण्यासाठीच असते. तिथली एन्झाइमे त्याला चिरायला बसलेली. त्यातून जे तगते तेच पुढच्या पिढीत उतरते. म्हणजे 'रक्तात टिकायचे कसे' ही आपल्या औषधशास्त्राची रोजची डोकेदुखी विषाने लाखो वर्षे आधी सोडवलेली असते. बरे, नेमही अचूक. शरीरात हजारो कुलपे आहेत. विष नेमके तेच कुलूप उघडते ज्याने भक्ष्य आडवे होते. जिथे कुलूप आणि किल्ली तयार सापडते तिथे शोधू नये, तर कुठे शोधावे?

(दोघांच्या मध्ये पडायचा अधिकार लेखकाला असतो, तो एकदा वापरतो. या सरड्याबद्दल एक गोड गोष्ट सर्वत्र सांगितली जाते : तो वर्षातून मोजक्या वेळा जेवतो, म्हणून अशा क्वचित जेवणाची साखर सांभाळायला निसर्गाने त्याला हा रेणू दिला. ऐकायला छान आहे. पण संशोधकांनी खुद्द हिला मॉन्स्टरवर तपासले तेव्हा जेवणानंतरच्या त्याच्या साखरेवर एक्झेंडिन-4 चा परिणाम दिसला नाही. सरडा चावताना रेणू त्याच्या स्वतःच्या रक्तातही वाढतो, पण साखर जिथली तिथे. ही गोष्ट शंकेखोरांच्या बाजूची आहे, हे मला दिसते. तरीही सांगितली.)

शंकेखोर : लेखकमहाशयांचे आभार. माझा आक्षेप नेमका हाच. तुम्ही औषध हातात आल्यावर मागे वळता आणि विषाला हेतू चिकटवता. हिला मॉन्स्टर चावतो तो मुख्यतः स्वतःला वाचवायला. त्याचा दंश विलक्षण दुखतो, शत्रू पुन्हा फिरकत नाही. मग शत्रूच्या अंगात इन्शुलिन वाढवून सरड्याला काय मिळते? समाधानकारक उत्तर कुणी दिलेले नाही. ऑस्ट्रेलियातल्या प्लॅटिपसचे बघा. नराच्या मागच्या पायाला विषारी नखी असते, ती माद्यांवरून होणाऱ्या भांडणात दुसऱ्या नरावर चालते. ॲडलेडच्या संशोधकांना त्या विषातही जीएलपी-1 सापडले, न तुटणारे, टिकाऊ. आता भांडणात हरलेल्या नराची साखर उतरवून काय साधते? कदाचित काही साधत असेल, कदाचित तो रेणू तिथे आपसूक येऊन पडला असेल. तुमचे 'अचूक नेम' आणि 'तयार किल्ली' हे शब्द बाण लागल्यावर भोवती वर्तुळ काढणाऱ्याचे आहेत.

न लागलेले बाण किती? विषारी प्राण्यांच्या जाती लाखोंनी, एकेका विषात शेकडो घटक, आणि विषावरून निघालेली, परवानगी मिळालेली औषधे दोन्ही हातांच्या बोटांवर संपतात. असा व्यवहार भुसारवाल्याने केला तर त्याची मुले त्याला गादीवरून उठवतील.

उत्साही : बोटांवर मोजाच, पण मोजताना स्वतःच्या औषधांचा डबा जवळ घ्या. मधुमेही माणसाला रक्तदाबाची आणि मूत्रपिंडे सांभाळायची म्हणून '-प्रिल' शेपटीची गोळी देतात. तिचा मूळपुरुष कॅप्टोप्रिल. ब्राझीलमध्ये जराराका नावाच्या सापाने चावलेल्याचा रक्तदाब कोसळतो. सेर्जिओ फेरेरा यांनी 1965 साली त्या विषातला कारणीभूत घटक दाखवला, मग तो घेऊन लंडनला जॉन वेन यांच्याकडे गेले. तिथून धागा अमेरिकेतल्या स्क्विब कंपनीत पोचला. कुशमन आणि ऑन्डेटी यांनी विषाच्या साखळीवरून तोंडाने घेता येईल असा छोटा रेणू घडवला. 1981 मध्ये तो बाजारात आला, आणि 1993 साली मधुमेहाने मूत्रपिंडे बिघडत चाललेल्या रुग्णांत ही घसरण तो मंदावतो हे दिसले. हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दवाखान्यात टायरोफिबान लावतात. त्याचा नमुना फुरशाच्या विषातला. होय, आपल्या कोकणातल्या जांभ्या दगडाखाली गुंडाळी करून बसते तेच फुरसे! इंग्रजांच्या राज्यात रत्नागिरीत ते मारून आणले की सरकार बक्षीस द्यायचे. आणि तुमच्या मेटफॉर्मिनचे काय? ते विषातले नव्हे, पण युरोपातल्या ज्या वनस्पतीवरून त्याचा वंश निघाला ती खाऊन गुरे दगावत. तुमच्या डब्यातल्या निम्म्या गोळ्यांची आजी कुणाला ना कुणाला मारणारी होती.

शंकेखोर : आजी मारणारी होती म्हणून नात गुणी होते असे नाही. कॅप्टोप्रिलमध्ये विष उरलेच कुठे? विषाने इशारा केला, पुढे रसायनज्ञांनी घडवले. मग 'विषातून औषध' कशाला म्हणायचे? 'विषातून सुगावा' म्हणा. सुगावा म्हटले की कौतुक कमी होते, पण हिशेब चोख राहतो.

उत्साही : सुगावा म्हणतो. शब्द आवडला. मग सगळ्यात ताजा सुगावा ऐका, कारण त्यात तुमच्या 'हेतू कुठे आहे' या प्रश्नाला उत्तर आहे. हिंदी आणि प्रशांत महासागराच्या प्रवाळांत शंकूच्या आकाराची एक गोगलगाय राहते, कोनस जिओग्राफस. तिच्या दंशाने माणसे मेली आहेत. ही गोगलगाय मासे खाते. गोगलगाय आणि मासा, शर्यत लावली तर निकाल आधीच ठरलेला. म्हणून ती काय करते? तोंड जाळ्यासारखे पसरते आणि, संशोधकांच्या मते, पाण्यात इन्शुलिन सोडते. माशाच्या कल्ल्यांतून ते आत जाते, त्याची साखर कोसळते, मासा गुंगीत जागच्या जागी तरंगतो आणि ही त्याला गिळते. इथे हेतू चिकटवावा लागत नाही. इन्शुलिनचे शस्त्र केलेले आहे. 2015 साली हेलेना सफावी-हेमामी, बाल्डोमेरो ओलिव्हेरा आणि सहकाऱ्यांनी हे दाखवले. 

मजा त्या इन्शुलिनच्या घडणीत आहे. माणसाच्या इन्शुलिनचे सहा-सहा रेणू गोळा होऊन गठ्ठा बांधतात. साठवणीला ते उत्तम. पण टोचल्यावर गठ्ठा सुटेपर्यंत वेळ जातो, आणि जेवण काही थांबत नाही. ज्या तुकड्यामुळे गठ्ठा बांधला जातो, नेमका तोच तुकडा गोगलगायीच्या इन्शुलिनला नाही. तिला थांबून चालत नाही, मासा निघून जाईल. माणसाच्या इन्शुलिनचा तो तुकडा नुसता कापला तर ते जवळपास निकामी होते. गोगलगायीने तो टाकूनही किल्ली चालती ठेवली. कशी, हे बघून 2020 साली संशोधकांनी माणसाच्या इन्शुलिनची छोटी, गठ्ठा न बांधणारी आवृत्ती तयार केली. पुढे 2024 मध्ये त्याच विषात दुसरा रेणू सापडला. तो सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाची नक्कल करून ग्लुकागॉन दाबतो, म्हणजे कोसळलेली साखर परत वर येऊ देत नाही. एका हाताने ढकलायचे, दुसऱ्याने उठू द्यायचे नाही. साखर सांभाळणाऱ्या दोन्ही दोऱ्या एका गोगलगायीला सापडल्या आहेत.

शंकेखोर : ही गोष्ट खरेच सुंदर आहे. हेतूबद्दलचा माझा शब्द इथपुरता मागे घेतो. पण सुंदर गोष्ट रुग्णाच्या हातात पोचली का? 2015 पासून आजवर गोगलगायीच्या इन्शुलिनचे औषध दुकानात नाही. झटपट काम करणारे इन्शुलिन मात्र 1996 पासून आहे, गोगलगायीला न विचारता माणसाच्याच इन्शुलिनमध्ये दोन मण्यांची अदलाबदल करून केलेले. आणि एक मूलभूत गोष्ट तुमच्या नजरेतून निसटते. गोगलगायीला मासा मारायचा आहे, काही सेकंदांत, एकदाच. मला साखर सांभाळायची आहे, चाळीस वर्षे, रोज, लग्नाच्या पंगतीत आणि एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीतही. विषाला उद्याची फिकीर नसते. मधुमेह म्हणजे निव्वळ उद्याची फिकीर. या दोन गरजा जिथे योगायोगाने एकमेकींवर बसतात तिथेच तुमचा सुगावा कामाला येतो. सरड्याच्या बाबतीत टिकाऊपणा जुळला. गोगलगायीच्या बाबतीत वेग जुळेल कदाचित. बाकी विष विषच.

शिवाय आपण बसलो आहोत कुठे? आयसीएमआरच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशात दहा कोटींवर मधुमेही मोजले. आणि लाखो मृत्यूंचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांच्या हिशेबाने 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने बारा लाख माणसे गेली, वर्षाला सरासरी 58 हजार. बहुतेक खेड्यांतली, शेतात राबणारी. त्यांच्यासाठीची लस बनते ती नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांच्या विषावर, आणि ते विष मुख्यतः तामिळनाडूतल्या इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येते. त्याच जातीच्या सापाचे विष प्रांतागणिक बदलते, हे आता पक्के झाले आहे. म्हणजे एका टोकाच्या घोणशीवर बनवलेली लस दुसऱ्या टोकाच्या घोणशीवर तोकडी पडू शकते. आधी विषावरचे औषध धड करू, विषातले औषध मग बघू.

उत्साही : हा तुमचा सगळ्यात वजनदार आक्षेप, आणि नेमका तोच माझ्या बाजूला झुकतो. प्रांतवार विष वेगळे कसे, त्यात काय काय आहे, कुठला घटक कुठले कुलूप उघडतो, हे मांडल्याशिवाय चांगली लस होणार नाही. तोच नकाशा सुगाव्याचाही नकाशा आहे. मुंबईच्या हाफकिनसारख्या संस्थांना सर्पविषाच्या कामाची दीर्घ परंपरा आहे. लस बनवताना घोड्याला टोचायला काढलेल्या विषातले दोन थेंब कुणी वेगळ्या चाचणीखाली धरले तर शेतकऱ्याची लस कमी होत नाही.

शंकेखोर : दोन थेंबांपाठोपाठ मथळा येईल, त्याची भीती वाटते. 'सर्पविषाने मधुमेह बरा' असा एक मथळा, की दुसऱ्या दिवशी आठवडी बाजारात कुणीतरी बाटली घेऊन बसेल. मांडूळ तर बिनविषारी, त्याच्यात कुणी काही शोधलेही नाही, तरी अंधश्रद्धेपायी त्याची तस्करी चालते आणि पोलिसांना पिशव्या पकडाव्या लागतात. घोरपडीचे तेल आजही विकले जाते. आधी प्राणी मरेल, मग बाटली घेणारा, कारण त्याने इन्शुलिन बंद केलेले असेल. आणि सुगाव्याचा पैसा कुणाला? जराराका ब्राझीलचा, पहिला धागा ब्राझीलच्या माणसाचा, गोळीची कमाई अमेरिकेची. आपण 2002 साली जैवविविधतेचा कायदा केला तो अशाच अनुभवांनी शहाणे होऊन. पण कायद्याने वाटा मिळतो तो सापडलेल्या गोष्टीचा. न शोधलेल्याचा वाटा शून्यच.

उत्साही : हे शेवटचे वाक्य माझे होते, तुम्ही बोललात.

शंकेखोर : बोललो खरा. मग पुढचेही मीच विचारतो. हिला मॉन्स्टर जगात नसताच तर माझे लिराग्लुटाइड आले असते का?

उत्साही : आले असते. उशिरा आले असते की नाही, कुणालाच सांगता येणार नाही.

शंकेखोर : म्हणजे तुमचे म्हणणे आता इतके बारीक झाले आहे : सरड्याने औषध दिले नाही, भरवसा दिला. आणि भरवशाची किंमत मागाहून मोजता येत नाही.

उत्साही : बारीक झाले, पण मोडले नाही. तुमचेही घासून बारीक झालेच आहे. सुरुवातीला तुम्ही म्हणत होता विषात काही नाही. आता म्हणता, जिथे गरजा जुळतील तिथेच आहे. कुठे जुळतील ते आधी कसे कळणार? इंग यांनाही कळले नव्हते. त्यांनी पेटंट घ्यायचे ठरवले तेव्हा ते जिथे नोकरीला होते त्या सरकारी खात्याने त्यात रस घेतला नाही. 1993 साली त्यांनी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या खर्चाने अर्ज केला. मग एका छोट्या कंपनीने 1996 मध्ये ते हक्क घेईपर्यंत कंपन्यांचे दरवाजे ठोठावत फिरले.

शंकेखोर : त्यांनी विष मागवले ते मधुमेहाचे औषध शोधायला नव्हे ना?

उत्साही : नाही. पहिला मणी हिस्टिडिनचा असलेली जी साखळी सापडेल ती.

शंकेखोर : काय शोधतो आहोत हे नेमके माहीत, कशासाठी हे माहीत नाही. मी एकदा एका समितीवर होतो, संशोधनाचे अर्ज तपासायला. 'अपेक्षित उपयोग' हा रकाना कोरा ठेवलेला एकही अर्ज आम्ही पुढे जाऊ दिला नव्हता.

उत्साही : आणि आज तसा अर्ज आला तर?

शंकेखोर : आधी चाचणी बघेन. हिस्टिडिनसारखी खूण ओळखणारी, घट्ट चाचणी असेल तर रकाना कोरा असला तरी चालेल, इथवर मी आलो आहे. पण 'निसर्गाचा खजिना' असे शब्द दिसले तर अर्ज परत पाठवेन. खजिना म्हणणाऱ्याला काय शोधायचे ते माहीत नसते.

उत्साही : माझ्या मसुद्यात ते शब्द दोनदा आहेत.

शंकेखोर : तरीच वाचायला आणला नाहीत.